व्रण ज्याचा, नजर सगळ्यांची

मुरबाड तालुक्यात म्हसा इथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा सुरू होते. बैलबाजारासाठी, घोंगड्यांसाठी, वर्षाच्या खरेदीसाठी आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं तिथे लोटतात. याच यात्रेत नवस बोललेले भाविक पाठीच्या कातडीत लोखंडी गळ टोचून घेत आले आहेत. जखम भरते, खूण मागे राहते. कातडी टोचून देव प्रसन्न होतो यावर माझा विश्वास नाही आणि ही प्रथा थांबावी असंच मला वाटतं. पण त्या पाठीवरच्या खुणेची कुणाला लाज वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. उघड्या अंगानं शेतात राबताना ती दिसली तर बघणारा नजर चुकवत नाही. नवस फेडलेला माणूस म्हणून मानच देतो.

त्याच तालुक्यात लहानपणी चुलीपाशी भाजलेली मुलगी भर मे महिन्यात गळ्याला ओढणीचे दोन वेढे घालून फिरते. शाळेच्या फोटोत ती कडेला उभी असते, मान वळवून. तिच्या मानेवर आणि त्या भाविकाच्या पाठीवर शरीरानं केलेलं काम एकच आहे. कातडीचा खालचा थर फाटला किंवा जळला की शरीर घाईनं कोलॅजनचे तंतू तयार करून ती जागा बुजवतं. मूळ कातडीत हे तंतू सगळ्या दिशांनी गुंफलेले असतात, व्रणात ते एकाच दिशेनं दाटून बसतात. तिथे केस उगवत नाहीत, घाम येत नाही. सुरुवातीचा लालसर, टणक, खाजरा व्रण मऊ आणि फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. नवसाची जखम कोणती आणि अपघाताची कोणती, हे शरीराला कळत नाही. ती निवड माणसं करतात आणि एकाला मान, दुसरीला ओढणी देतात.

व्रणांचा विषय निघाला की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो. स्वतःला आहे तशी स्वीकार, आत्मविश्वास ठेव, खरं सौंदर्य मनाचं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या सल्ल्यात सगळं काम त्या भाजलेल्या मुलीवर टाकलेलं असतं. आधी ती भाजली, मग लोकांनी तिला न्याहाळलं, आणि आता त्या न्याहाळण्याचा त्रास होऊ न देण्याची जबाबदारीही तिचीच. हे मला मान्य नाही. व्रण स्वीकारणं हे आधी भोवतालच्या माणसांचं काम आहे. आणि व्रण स्वीकारायचा म्हणजे तो ज्यामुळे झाला तेही निमूट स्वीकारायचं, असा अर्थ कुणी काढत असेल तर तोही मोडून काढला पाहिजे.

शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत बिनव्रणाचं अंग शोधून सापडायचं नाही. पावसाआधी राब भाजताना पायाला बसलेले चटके, कापणीत विळा निसटून डाव्या हाताच्या बोटांवर उमटलेल्या आडव्या रेघा, लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या. वर्षानुवर्षं हंडे वाहून बायकांच्या माथ्यावरचे केस विरळ होतात, तिथली कातडी निबर होते. या खुणांना कुणी कुरूप म्हणत नाही, कारण त्या सगळ्यांच्याच अंगावर आहेत आणि त्यांची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक आहे. ठाकूर आणि कातकरी समाजातल्या म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावरचं, हातावरचं गोंदणही असंच. सुईनं मुद्दाम केलेली ती जखमच, पण ती अंगावर नसती तर बाई अपुरी मानली गेली असती. मेल्यावर दागिने इथेच राहतात, सोबत येतं ते गोंदण, असं त्या सांगतात.

म्हणजे इथल्या माणसांना कातडीवरच्या खुणा स्वीकारायला शिकवावं लागत नाही, ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या येतं. मग भाजलेल्या मानेपाशीच ते का अडतं?

एक कारण उघड आहे. लग्न. बघायला आलेल्या मंडळींत कुणीतरी आडून विचारतंच, ‘मुलीच्या अंगाला काही डागबिग नाही ना?’ मुलाच्या हनुवटीवर टाके असले तर तो लहानपणी खोडकर होता, एवढ्यावर विषय संपतो. मुलीच्या दंडावर भाजल्याची खूण असली तर दोन घरांत बैठका होतात, देण्याघेण्याचे आकडे हलतात, आणि ‘आधी सांगितलं नाही’ हा ठपका सासरी वर्षानुवर्षं निघत राहतो. शिवाय भाजलेली बाई म्हटलं की लोक मनात दुसरीच गोष्ट रचतात: हिनं स्वतःला पेटवून घेतलं असेल, नाहीतर हिला कुणी पेटवलं असेल. शंका चारित्र्यापर्यंत जाते. स्टोव्हचा भडका, रॉकेलच्या चिमणीचं कलंडणं, भाताची पेज अंगावर सांडणं, यातलं काही झालेलं असू शकतं हे ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही. गळ टोचलेल्या पाठीला गावानं एक गोष्ट दिलेली असते. या मुलीला गाव एक संशय देतं.

दुसरं कारण देवीच्या रोगाच्या इतिहासात दिसतं. एके काळी व्रणांनी भरलेला चेहरा प्रत्येक गावात, प्रत्येक जातीत होता. जगला-वाचला, देवीनं सोडला, हीच त्या चेहऱ्याची ओळख होती. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ती पहिली. तिथून रोग संपायला पावणेदोनशे वर्षं लागली. 1975 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. दंडावरची लशीची गोल खूण तर अभिमानाचीच झाली. माणसाच्या हातून झालेल्या सर्वांत मोठ्या कामांपैकी हे एक काम आहे, त्यात दुमत नाही. मात्र रोग संपत गेला तसे व्रणांचे चेहरे विरळ झाले आणि उरलेले ठळक दिसू लागले. आईच्या पिढीत ज्याकडे कुणी वळून पाहिलं नसतं, तो चेहरा मुलीच्या पिढीत एकटा पडला. व्रण जितका दुर्मीळ, तितका तो बाळगणारा एकाकी. आजची चुलीनं भाजलेली मुलगी अशीच एकटी आहे, त्यात आता आसनगाव-खर्डीच्या फलाटापासून डोळखांबच्या पाड्यापर्यंत प्रत्येक हातात चेहरा गुळगुळीत करून दाखवणारा मोबाइल आला आहे. पूर्वी तुलना शेजारणीशी व्हायची, आणि शेजारणीच्या हातावरही विळ्याची रेघ असायची.

इथपर्यंत बोललो ते नजरेबद्दल. आता कारणांबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या लेखी ते अधिक गंभीर आहे.

भाजल्यावर लगेच करायची गोष्ट एकच आणि ती फुकट आहे: भाजलेल्या भागावर वीस मिनिटं साधं गार वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, माती किंवा हळद नको. आच कातडीवरून गेली तरी उष्णता आत उतरत राहते. पाणी ती काढून घेतं, आणि जखम किती खोल होणार, व्रण किती राहणार, हे बऱ्याच अंशी त्या वीस मिनिटांत ठरतं. आता शहापूर तालुका डोळ्यांपुढे आणा. तानसा इथे, भातसा इथे, वैतरणेचं पाणीही याच डोंगराळ पट्ट्यात अडवलेलं. मुंबई जे पाणी पिते त्याचा मोठा वाटा इथून जातो. 1892 मध्ये तानसा पुरा झाला तेव्हापासून जातो आहे. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात. ज्या घरात दिवसाचं पाणी दोन हंडे आहे तिथे आईनं पोराच्या पायावर वीस मिनिटं पाणी कुठून सोडायचं? त्या पोराच्या पायावरचा व्रण किती जाड झाला यात धरणाच्या वाटपाचाही हिस्सा आहे. त्या पोराला ‘व्रण स्वीकार’ म्हणणाऱ्यानं हा हिस्सा आधी कुणाकडे तरी मागितला पाहिजे.

वीटभट्ट्यांचंही तसंच. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरं सोबत असतात. भट्टी वरून थंड दिसते, आत दिवसचे दिवस धग असते. राखेत, तुसाच्या ढिगात पाय गेला की घोट्यापर्यंत भाजतो. काम थांबवून पोराला दवाखान्यात न्यायचं म्हणजे मजुरी बुडते आणि उचल फिटत नाही. मग कुणीतरी पाला बांधतं, जखम तशीच भरते, आणि ती भरताना आकसते. डॉक्टर ज्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात ते हेच: व्रण ओढला जातो, बोटं तळव्याला चिकटतात, कोपर सरळ होत नाही, हनुवटी छातीकडे खेचली जाते. मूल वाढतं आणि व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून आठव्या वर्षी सुटलेली बोटं बाराव्या वर्षी पुन्हा सोडवावी लागतात. हा रूपाचा प्रश्न राहतच नाही. त्या हाताला विळा धरता येईल का, पेन धरता येईल का, असा तो प्रश्न होतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. सांधा ताठू नये म्हणून खपाची लावणं, रोजचा व्यायाम, तेलाचं मालीश, दिवसाचे तेवीस तास घालायचे घट्ट दाबाचे कपडे, आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया. पण या प्रत्येकाला महिनोन्‌महिने एका जागी राहणं लागतं आणि पुन:पुन्हा दवाखान्यात जाणं लागतं. ग्रामीण रुग्णालयात प्लास्टिक सर्जन नसतो. मुरबाडहून किंवा किन्हवलीहून मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयाचा भाजलेल्यांचा विभाग गाठायचा किंवा ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला जायचं, तर एका फेरीत बापाचा दिवस जातो. तीन-चार फेऱ्यांनंतर बाप थांबतो. त्याला निष्काळजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

व्रण दुरुस्त करून घ्यावासा वाटणं आणि तो स्वीकारणं यांत विरोध आहे, असं काही जण मानतात. आपला स्वतःचा इतिहास तसं सांगत नाही. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात कावसजी नावाच्या एका मराठा माणसाची हकीकत छापली आहे. 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेत बैल हाकणारा हा माणूस टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा नमुना करून, तो कपाळावर पसरून, त्या मापानं कातडी कापायची अशी ती रीत. सांध्यावर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. हे वाचून इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ती रीत उचलली आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये ती यशस्वी केली. विटा पाडणाऱ्याच्या हातात ही विद्या होती आणि खैराचा कात काढणं हा कातकऱ्यांचा पिढीजात धंदा होता. आज त्याच वीटभट्टीवर, त्याच कातकऱ्यांच्या पोरांना साधी मलमपट्टी मिळत नाही, हे मला फार बोचतं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशिर अंतिया यांनी हा प्रश्न जवळून पाहिला होता. इंग्लंडमध्ये शिकून आल्यावर त्यांनी आपली कला श्रीमंतांची नाकं सुबक करण्यात घालवली नाही. कुष्ठरोगानं बसलेली नाकं आणि वाकलेली बोटं ते दुरुस्त करत राहिले. पुढे त्यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत माणूस पोचतो तोवर फार उशीर झालेला असतो, आणि त्यांनी रायगड जिल्ह्यात मांडव्याला गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवायला घेतलं. सर्जननं सुरी बाजूला ठेवून पाड्याकडे वळावं, यात मला स्वीकाराचा खरा अर्थ दिसतो. माणसाचा चेहरा आहे तसा जवळ घ्यायचा आणि तो तसा होऊ देणाऱ्या परिस्थितीशी मात्र भांडायचं.

कुष्ठरोगाचं नाव निघालंच आहे तर तेही सांगायला हवं, कारण तिथे लाजेची किंमत बोटांनी मोजावी लागते. ठाणे, पालघर, रायगडच्या आदिवासी पट्ट्यात या रोगाचे नवे रुग्ण अजून सापडतात. फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा हे पहिलं लक्षण. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लपवता येतो. बहुविध औषधांचा सहा किंवा बारा महिन्यांचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो. वेळेत घेतला तर कसलीही विकृती येत नाही. आशाताई शोधमोहिमेत दारी येते तेव्हा पाठ, मांडी दाखवायला बाई लाजते, आणि घरात कुणाला कळलं तर काय, या भीतीनं पुरुषही ‘काही नाही’ म्हणतो. मज्जातंतू तोवर आतून मरत असतात. ही भीती त्यांनी मनातून आणलेली नाही. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे 2019 पर्यंत आपल्या कायद्यात घटस्फोटाचं कारण होतं. त्या वर्षी पाच कायद्यांतून कुष्ठरोगाबद्दलच्या अशा तरतुदी काढल्या गेल्या. औषधानं रोग बरा होऊ लागल्यावर कित्येक दशकं कायदा त्या माणसाकडे जुन्याच नजरेनं बघत होता, मग गावाला काय दोष द्यावा?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत कुष्ठरोगमुक्त आहेत, ॲसिड हल्ल्यात होरपळलेले आहेत. ते योग्यच झालं. चुलीनं किंवा भट्टीनं जळालेल्या चेहऱ्याला मात्र त्या यादीत स्वतंत्र नाव नाही. हात-पाय हलत असतील तर त्याला काही झालेलंच नाही, असं कागद म्हणतो.

नजर बदलता येते का, असा प्रश्न विचारला जातो. माणसं बघणारच, कुणाकुणाला सांगणार? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेड या लहानशा गावात याचं उत्तर मिळालं होतं. विमानात जळालेले तरुण वैमानिक तिथल्या रुग्णालयात येत. आर्चिबाल्ड मॅकिंडो हे सर्जन त्यांच्यावर वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया करत, पण त्यांनी एवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. त्यांनी रुग्णांना रुग्णालयाचे कपडे उतरवून गणवेशात गावात फिरायला लावलं आणि गावातल्या कुटुंबांना विनंती केली की या मुलांना घरी बोलवा, चहा द्या, आणि टक लावून बघू नका. गावानं ते केलं. टक लावून न बघणारं गाव म्हणूनच ते ओळखलं जाऊ लागलं. 1941 मध्ये त्या रुग्णांनी स्थापलेल्या मंडळाचे युद्ध संपेपर्यंत 649 सभासद झाले होते. त्यांना तिथे सोपं गेलं, हे मला मान्य आहे. ते पुरुष होते, देशासाठी लढले होते, त्यांच्या व्रणाला वीराची गोष्ट आपोआप चिकटली होती. भट्टीवर भाजलेल्या कातकरी पोरीसाठी कुणी बँड वाजवणार नाही. तरीही एक गोष्ट तिथे सिद्ध झाली: एका डॉक्टरनं मुद्दाम ठरवून, घरोघर सांगून, एका अख्ख्या गावाची नजर बदलली. ती आपोआप बदलली नाही आणि जळालेल्यांनी मन घट्ट केलं म्हणूनही बदलली नाही.

आणि ज्याच्या अंगावर व्रण आहे त्याच्याकडून काय अपेक्षा करावी? माझ्या मते फार थोडी. त्यानं व्रणावर प्रेम करावं असा आग्रह नको. भाजण्याआधीचा आपला चेहरा आठवून कुणाला रडू येत असेल तर ते रडू खोटं नाही. काहीतरी खरंच गेलेलं आहे. पूर्ण बाह्यांचं पोलकं घालणं, ओढणी घेणं, मलम लावणं, यात भ्याडपणा नाही. एखादी बाई चाळिशीत आल्यावर एक दिवस बाह्या दुमडून भांडी घासायला बसते, एखादी कधीच बसत नाही. दोघींनीही आपापल्या परीनं जगण्याचं जमवलेलं आहे. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं ‘काय गं झालं हे?’ विचारलं तर सगळं सांगण्याचा, ‘लहानपणी भाजलं’ एवढंच म्हणण्याचा, किंवा खिडकीबाहेर बघत राहण्याचा तिला सारखाच हक्क आहे.

काम बाकी आहे ते इतरांचं, आणि ते ठरावीक जागी, ठरावीक दिवशी करता येण्यासारखं आहे. भट्टीवरून कुटुंबं पावसाच्या तोंडावर परततात आणि जूनमध्ये आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा उघडतात. हिवाळ्यात भाजलेलं मूल त्याच दिवशी पहिल्यांदा वर्गात येतं. गुरुजींनी, बाईंनी आदल्या दिवशी आई-बापाला विचारून घ्यावं, मुलाला काय सांगितलेलं चालेल. मग मूल येण्याआधी वर्गाला दोन सरळ वाक्यं सांगावीत: याला भट्टीवर भाजलं, आता दुखत नाही, त्याच्या हाताला हात लावला तर काही होत नाही. त्याला कडेच्या बाकावर बसवू नये. कबड्डीतून सूट देऊ नये, तो मागेल तेवढीच द्यावी. कवायतीत त्याचा हात पुरा वर जात नसेल तर ते लक्षात ठेवून शाळेच्या आरोग्य तपासणीला येणाऱ्या डॉक्टरला दाखवावं, कारण तो हात मोकळा होण्याची वेळ अजून गेलेली नसते. आणि पोरांनी पहिल्या दिवशी टक लावून पाहिलं तर त्यांच्यावर ओरडू नये. मुलं बघतात, विचारतात, उत्तर मिळालं की खेळायला जातात.